आतड्यातील जंत आणि मल्टिपल स्क्लेरोसिस : एका शोधाचा अभ्यास

स्मरणिकेत आठवणींचे आणि गौरवाचे लेख असतात, तसा एखादा अभ्यासाचा पाठही असावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. विषय काहीसा अनोळखी आहे. मेंदू व मज्जारज्जू यांना जडणारा मल्टिपल स्क्लेरोसिस हा दीर्घकाळचा विकार आणि माणसाच्या आतड्यात राहणारे जंत, या दोहोंचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा तो विषय होय. एक आजार डोक्यातला, दुसरा पोटातला. एक प्रामुख्याने संपन्न देशांत दिसणारा, दुसरा दारिद्र्याच्या वस्तीत वाढणारा. त्यांचे काही नाते असेल असे प्रथमदर्शनी कोणास वाटणार नाही. परंतु जेथे एक आहे तेथे दुसरा सहसा नाही, या निरीक्षणानेच संशोधकांना विचार करायला लावले.

हा विषय निवडण्यामागे आमचे दोन हेतू आहेत. शाळाशाळांतून मुलांना वर्षातून ठरावीक दिवशी जंताची गोळी दिली जाते. ‘जंत असले तर काही आजार होत नाहीत’ अशी अर्धवट बातमी फोनवरून घरोघर पोचली, तर ही गोळी द्यावी की न द्यावी असा संभ्रम पालकांच्या मनात उभा राहू शकतो. त्याचे निरसन व्हावे, हा पहिला हेतू. दोन गोष्टी एकत्र दिसणे आणि त्यांपैकी एक दुसरीचे कारण असणे यांतील अंतर समजण्यासाठी हा विषय फार उपयुक्त आहे, म्हणून तो विद्यार्थ्यांच्या व माजी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात यावा, हा दुसरा.

विकाराची ओळख

आपल्या मेंदूकडून शरीराकडे आणि शरीराकडून मेंदूकडे जाणारे संदेश मज्जातंतूंवाटे जातात. विजेच्या तारेवर जसे आवरण असते, तसे या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. त्या वेष्टनामुळे संदेश वेगाने व अचूक पोचतो. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या विकारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती याच वेष्टनावर हल्ला करते. परक्या जंतूंशी लढण्यासाठी असलेल्या पेशी आपल्याच घरातील वस्तूला परकी समजू लागतात. त्यामुळे मेंदूत आणि मज्जारज्जूत जागोजागी दाह होतो आणि मागे कठीण चट्टे राहतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये या चट्ट्यांचा आणि रुग्णांच्या लक्षणांचा मेळ घालून हा स्वतंत्र आजार असल्याचे दाखवून दिले.

चट्टा ज्या जागी पडेल त्यानुसार लक्षणे बदलतात. कोणाला एका डोळ्याने अंधूक दिसू लागते आणि डोळा हलवताना दुखते. कोणाचा पाय किंवा हात बधिर होतो. कोणाचा चालताना तोल जातो. कोणाचा लघवीवरचा ताबा सुटतो. विलक्षण थकवा तर बहुतेकांना जाणवतो. पुष्कळ रुग्णांत लक्षणे काही दिवस वा आठवडे राहून ओसरतात आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आजार पुन्हा उसळतो. पुढे काहींमध्ये अपंगत्व हळूहळू वाढत जाते. जगभरात सुमारे २८ लाख लोक या विकारासह जगत असल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत मांडला गेला. विकाराची सुरुवात बहुधा विशी ते चाळिशी या वयात होते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दोन ते तीन पट असते. हा आजार स्पर्शाने, सहवासाने किंवा उष्ट्या अन्नाने पसरत नाही.

शिक्षण संपवून नोकरी वा संसार सुरू करण्याच्या उंबरठ्यावर हा विकार माणसाला गाठतो, हे त्यातील मोठे दुःख आहे. तरुण मुलीला अंधूक दिसते, चालताना पाय अडखळतो, मग दोन आठवड्यांत सारे ठीक होते. घरचे म्हणतात, अशक्तपणा होता. दुसऱ्यांदा तसेच झाले की मनाचे खेळ म्हणतात, किंवा बाहेरचे काही झाले म्हणून अंगारे-धुपारे सुरू होतात. मधल्या काळात मेंदूतील इजा वाढत राहते. विकार पूर्ण बरा करणारा उपचार आजही नाही; परंतु १९९० च्या दशकापासून उपलब्ध होत गेलेल्या औषधांनी आजाराच्या उसळ्या कमी करता येतात आणि ती लवकर सुरू केल्यास लाभ अधिक होतो.

नकाशावरील कोडे

एमएसचे प्रमाण पृथ्वीवर सर्वत्र सारखे नाही. स्कॉटलंड, स्कँडिनेव्हिया, कॅनडा अशा थंड व संपन्न प्रदेशांत ते अधिक आहे. विषुववृत्ताजवळील देशांत कमी आहे. हा फरक केवळ वंशाचा असता तर माणसाने देश बदलल्याने त्यात बदल होण्याचे कारण नव्हते. प्रत्यक्षात तो होतो. जेफ्री डीन या वैद्याने दक्षिण आफ्रिकेत केलेल्या अभ्यासात असे आढळले की, युरोपातून प्रौढ वयात तेथे गेलेल्या लोकांत एमएसचे प्रमाण युरोपासारखेच अधिक होते. पण जे लहानपणी, सुमारे पंधरा वर्षांच्या आत, तेथे गेले त्यांच्यात ते कमी होते.

उलट दिशेचा पुरावा इंग्लंडमध्ये मिळाला. आशिया, आफ्रिका आणि वेस्ट इंडीज येथून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या पहिल्या पिढीत हा आजार विरळ होता. त्यांची जी मुले इंग्लंडमध्येच जन्मली व वाढली, त्यांच्यात मात्र त्याचे प्रमाण तेथील इतर रहिवाशांच्या जवळपास पोचले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे परदेशात वाढत आहेत त्यांनी जाणून घेण्याजोगा आहे. बालपण कोणत्या परिसरात गेले, याला या विकारात महत्त्व आहे, असा त्याचा अर्थ होतो.

मात्र केवळ परिसराने सर्व उलगडा होत नाही, याची साक्ष आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईतील पारशी समाजाच्या पाहणीत दर लाख लोकांमागे एमएसचे वीसहून अधिक रुग्ण आढळले. भारतातील सर्वसाधारण प्रमाणापेक्षा हे बरेच जास्त होते. शहर तेच, हवा आणि पाणीही तेच. तरीही एका समाजात आजार अधिक. येथे अनुवंशाचा वाटा मानावा लागतो. तेव्हा कोडे दुपेडी आहे. काही भाग जन्मजात आणि काही भाग लहानपणीच्या परिसरातून येणारा, असे ते उलगडावे लागते.

स्वच्छतेचा सिद्धान्त

परिसरातील तो घटक कोणता? १९६६ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी रुग्णांच्या बालपणीच्या घरातील पाणी, शौचालय आणि गर्दी यांची माहिती गोळा केली. ज्यांचे बालपण अधिक स्वच्छ परिस्थितीत गेले त्यांच्यात एमएस अधिक आढळला. हा निष्कर्ष त्या काळच्या समजुतीच्या अगदी उलट होता.

पुढे १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ साली जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांच्या माहितीवरून दाखवले की, ज्या घरात मोठी भावंडे अधिक तेथे धाकट्यांना परागकणांची ॲलर्जी कमी होते. लहानपणी भावंडांकडून होणारे किरकोळ संसर्ग प्रतिकारशक्तीला वळण लावत असावेत, असे त्यांनी सुचवले. यातून ‘स्वच्छतेचा सिद्धान्त’ पुढे आला. २००२ मध्ये फ्रान्सच्या झाँ-फ्रान्स्वा बाख यांनी विकसित देशांतील दोन आलेख शेजारी शेजारी मांडले. १९५० नंतरच्या दशकांत गोवर, क्षय, गालगुंड यांसारखे संसर्ग घटत गेले होते. त्याच काळात दमा, बालवयातील मधुमेह आणि एमएस वाढत गेले होते.

जंतांचा विषय नेमकेपणाने पुढे आणला तो अमेरिकेतील जॉन फ्लेमिंग व थॉमस कुक यांनी. २००६ मध्ये त्यांनी देशोदेशीची आकडेवारी तुलनेसाठी घेतली. चाबकासारखा आकार असलेला व मोठ्या आतड्यात राहणारा चाबूककृमी ज्या देशांत सुमारे दहा टक्क्यांहून अधिक लोकांमध्ये आहे, तेथे एमएसचे प्रमाण एकदम खाली आलेले दिसते, असे त्यांनी नोंदवले.

अशा तुलनेत एक धोका असतो. जेथे जंत अधिक तेथे मज्जाविकारतज्ज्ञ कमी, एमआरआय यंत्रे कमी, आणि म्हणून निदानही कमी. आजार नाही म्हणून तो नोंदला गेला नाही, की तपासणारा कोणी नाही म्हणून? देशांच्या सरासरीवरून माणसांविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हा सांख्यिकीचा पहिला धडा आहे. त्यासाठी प्रत्यक्ष रुग्णांकडे पाहावे लागते.

जंत शरीरात काय करतो

मनुष्य आणि जंत यांचा सहवास हजारो वर्षांचा आहे. बोटभर लांबीचा परका जीव आतड्यात राहतो, खातो, अंडी घालतो आणि तरीही शरीर त्याला बाहेर फेकत नाही. याचे स्पष्टीकरण प्रतिकारशक्तीत आहे. जंत असे काही पदार्थ स्रवतात की यजमानाच्या प्रतिकारशक्तीची धार बोथट होते. शरीरात ‘नियामक टी-पेशी’ नावाच्या पेशी असतात. वर्गात गोंधळ वाढला की शिस्तप्रमुख जे काम करतो, ते काम या पेशी करतात : इतर लढाऊ पेशींना आवरतात. जंतांचा दीर्घकाळ वास असलेल्या शरीरात या नियामक पेशी वाढतात आणि इंटरल्युकिन-१० सारखी दाह शमवणारी रसायने अधिक तयार होतात.

जंताचा यात स्वार्थ उघड आहे. त्याला स्वतःचा जीव वाचवायचा असतो. पण आवरल्या गेलेल्या पेशींमध्ये मायलिनवर चालून जाणाऱ्या पेशीही असतील, तर रुग्णाला अनायासे लाभ होईल, असा तर्क निघतो. उंदरांमध्ये कृत्रिमरीत्या एमएससारखा विकार निर्माण करता येतो. अशा उंदरांना आधीच परोपजीवी कृमींचा संसर्ग असेल तर विकार सौम्य होतो, हे एकाहून अधिक प्रयोगशाळांत दिसून आले. तथापि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदरांत यशस्वी ठरलेली कितीतरी औषधे माणसांत निष्फळ ठरली आहेत.

ब्वेनोस आयर्सचे बारा रुग्ण

अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयर्स येथील होर्हे कोरेआले व मॉरिसिओ फारेझ या संशोधकांनी २००७ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो या विषयातील सर्वांत गाजलेला अभ्यास होय. एमएसचे निदान झालेल्या बारा रुग्णांना आतड्यातील जंतांचा संसर्ग नैसर्गिकरीत्या झालेला आढळला. त्यांच्या जोडीला संसर्ग नसलेले, पण इतर बाबतींत त्यांच्याशी मिळतेजुळते असे बारा रुग्ण घेतले. दोन्ही गटांवर साडेचार वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवण्यात आले. या अवधीत जंत असलेल्या गटात आजाराच्या एकूण ३ उसळ्या झाल्या. जंत नसलेल्या गटात ५६. एमआरआय चित्रांतील नवे चट्टेही पहिल्या गटात फारच कमी होते, आणि रक्तात नियामक पेशी व इंटरल्युकिन-१० वाढलेले आढळले.

अभ्यास येथेच थांबला नाही. सुमारे पाच वर्षांनंतर जंत असलेल्यांपैकी चौघांची पोटाची दुखणी वाढली आणि त्यांना जंतनाशक औषध देणे भाग पडले. जंत गेले. त्यानंतर त्या चौघांमध्ये एमएसच्या उसळ्या आणि नवे चट्टे पुन्हा वाढू लागले व नियामक पेशी घटल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या भागामुळे पहिल्या निष्कर्षास बळ आले, कारण एकाच माणसात ‘जंत असताना’ आणि ‘जंत गेल्यावर’ अशी तुलना करता आली.

वाचकांनी येथे थोडे थांबावे आणि तीन गोष्टी मनाशी नोंदवाव्यात. हा अभ्यास बारा रुग्णांचा आहे. एवढ्या लहान गटात योगायोगाला पुष्कळ वाव असतो. या रुग्णांना जंत चिठ्ठ्या टाकून दिलेले नव्हते. ज्यांना ते झाले त्यांची राहणी, आहार, अन्य संसर्ग वेगळे असू शकतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे, बाराही जणांना एमएस होताच. जंताने आजाराची गती मंदावली असेल असे हा अभ्यास फार तर सुचवतो. जंत असल्याने एमएस होत नाही, असे तो कोठेही म्हणत नाही.

औषध म्हणून जंत : प्रयोगांचे निकाल

तर्काची कसोटी प्रयोगात लागते. माणसाच्या आतड्यात फार काळ न टिकणारा डुकराचा चाबूककृमी फ्लेमिंग यांनी प्रयोगासाठी निवडला. त्याची २,५०० अंडी दर दोन आठवड्यांनी याप्रमाणे तीन महिने पाच रुग्णांना पाजण्यात आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, एमआरआयमध्ये दिसणाऱ्या नव्या सक्रिय चट्ट्यांची सरासरी ६.६ वरून २.० वर आली आणि उपचार थांबवल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा ५.८ झाली. आशा वाढली. परंतु डेन्मार्कमध्ये दहा रुग्णांवर याच अंड्यांचा प्रयोग झाला, तेव्हा लाभाचे चिन्ह दिसले नाही.

त्यानंतरचा मोठा व काटेकोर प्रयोग इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. त्यात ७१ रुग्ण होते. चिठ्ठीपद्धतीने निवडलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या त्वचेवर अंकुशकृमीच्या २५ अळ्या पट्टीखाली ठेवून त्या शरीरात शिरू दिल्या; उरलेल्यांना जंत नसलेली तशीच पट्टी बांधली. कोणाला काय मिळाले, हे रुग्णाला वा तपासणाऱ्याला माहीत नव्हते. नऊ महिन्यांनी हिशेब केला तेव्हा नव्या व वाढलेल्या चट्ट्यांच्या एकूण संख्येत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. मात्र ज्यांना एकही नवा चट्टा पडला नाही अशांचे प्रमाण जंत मिळालेल्या गटात ५१ टक्के, तर दुसऱ्या गटात २८ टक्के होते. नियामक पेशीही जंतांच्या गटात वाढल्या होत्या. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

या निकालांचा प्रामाणिक सारांश असा करता येईल : जंत माणसाच्या प्रतिकारशक्तीवर परिणाम करतात, हे खरे, तो परिणाम एमएसवरील उपचार ठरण्याइतका बलवान असल्याचे सिद्ध झालेले नाही. बारा रुग्णांत जो फरक डोळ्यांत भरण्याइतका होता, तो एकाहत्तर रुग्णांच्या काटेकोर प्रयोगात पुष्कळ फिका पडला. विज्ञानात असे वारंवार घडते. जंतांऐवजी त्यांनी स्रवलेले पदार्थ वेगळे काढून त्यांपासून औषध करता येईल का, या दिशेने आता संशोधन चालू आहे.

दुसरे दावेदार

चाबूककृमीच्या नकाशाचे स्पष्टीकरण इतर मार्गांनीही होऊ शकते. विषुववृत्ताजवळ ऊन भरपूर असते आणि उन्हामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. त्याची कमतरता एमएसशी निगडित आहे. धूम्रपान आणि किशोरवयातील लठ्ठपणा यांनीही धोका वाढतो. सर्वांत बळकट पुरावा मात्र एका विषाणूविरुद्ध आहे. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक जवानांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांच्या आधारे हार्वर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की, एपस्टाईन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका सुमारे ३२ पट वाढतो. तशाच प्रकारे पसरणाऱ्या अन्य विषाणूबाबत असे काही आढळले नाही.

येथे जंतांच्या कोड्यावर नवा प्रकाश पडतो. हा विषाणू जगातील बहुतेक सर्व माणसांना आयुष्यात केव्हातरी गाठतो. दाटीवाटीच्या वस्तीत तो अगदी लहानपणी येतो व फारसा त्रास न देता शरीरात राहतो. संपन्न घरांत तो बहुधा किशोरवयात येतो आणि ताप, घसादुखी, मानेतील गाठींची सूज असा आजार करतो. असा आजार झालेल्यांना पुढे एमएस होण्याचा धोका अधिक असतो. ज्या वस्तीत जंत अधिक, त्याच वस्तीत हा विषाणू लवकर येतो. मग संरक्षण जंताने दिले, की विषाणू लवकर आल्याने ते मिळाले? जंत हा कदाचित फक्त त्या परिस्थितीची खूण असेल. पाऊस पडताना रस्त्यावर छत्र्या दिसतात, म्हणून छत्र्यांनी पाऊस पाडला असे आपण म्हणत नाही.

अनुवंशाची बाजूही अलीकडे उलगडली आहे. प्राचीन सांगाड्यांतील डीएनएच्या अभ्यासावरून २०२४ मध्ये संशोधकांनी मांडले की, एमएसचा धोका वाढवणारी काही जनुके सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशातून पशुपालक लोकांसोबत युरोपात आली. गुराढोरांच्या सहवासात होणाऱ्या संसर्गांपासून ती त्या काळी संरक्षण देत असावीत. संसर्गांनी भरलेल्या जगात तीक्ष्ण प्रतिकारशक्ती ही ठेव होती. ते संसर्ग ओसरल्यावर तीच काहींना बाधू लागली, असा त्यांचा तर्क आहे.

मग जंताची गोळी द्यावी काय

निःसंशय द्यावी. वरील विवेचनातून कोणी ‘मुलांच्या पोटात जंत राहू द्यावेत’ असा अर्थ काढू नये, म्हणूनच हा पाठ येथवर सविस्तर लिहिला. जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना मातीतून पसरणाऱ्या जंतांचा संसर्ग आहे. अंकुशकृमी अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो; त्यातून पांडुरोग होतो, मूल लवकर थकते, अभ्यासात लक्ष लागत नाही. गोल जंतांचा गुंता झाल्यास आतडे बंद पडून शस्त्रक्रियेची वेळ येते. वाढत्या वयातील मुलींना व गरोदर स्त्रियांना रक्तक्षयाची किंमत फार मोठी मोजावी लागते. भारतात तुलनेने विरळ असलेल्या एका आजारावरील अनिश्चित लाभासाठी ही निश्चित हानी पत्करणे शहाणपणाचे नाही. नॉटिंगहॅमच्या प्रयोगात मोजून पंचवीस अळ्या आणि सतत वैद्यकीय देखरेख होती. वस्तीत अनवाणी फिरणाऱ्या मुलाच्या बाबतीत अळ्यांची मोजदाद कोणी करत नाही.

भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ती चावून खायची असते. त्या दिवशी मूल आजारी असेल किंवा त्यास पूर्वी फिट आली असेल, तर ते आधी आरोग्यसेविकेस वा शिक्षकांस सांगावे. गोळीबरोबरच जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे, नखे कापणे, पायात चप्पल घालणे आणि शौचालयाचा वापर या सवयी हव्यात. त्यांच्यावाचून जंत पुन्हा येतात. वसतिगृहात तर एकाच्या हयगयीचा त्रास सर्वांना होतो.

मेंदूशी जंतांचा एक संबंध मात्र पक्का सिद्ध झालेला आहे, आणि तो हानीचा आहे. डुकराच्या पट्टकृमीची अंडी दूषित हातांवाटे किंवा न धुतलेल्या भाजीवाटे पोटात गेली, तर त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी करतात आणि फिट येऊ लागतात. भारतात फिट येण्याच्या महत्त्वाच्या कारणांपैकी हे एक आहे. मांसाहार न करणाऱ्यांनाही तो होतो, कारण तो अंड्यांनी दूषित झालेल्या अन्नपाण्यातून येतो. म्हणून कोशिंबिरीची भाजी स्वच्छ पाण्याने नीट धुवावी.

एमएसच्या रुग्णांसाठी आणखी एक सूचना. या आजारात स्टिरॉइड व प्रतिकारशक्ती दाबणारी अन्य औषधे दिली जातात. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक कृमी वर्षानुवर्षे शरीरात गुपचूप राहू शकतो आणि अशा औषधांनी प्रतिकारशक्ती दबली की सर्वांगात पसरून प्राणघातक ठरू शकतो. ज्यांचे बालपण खेड्यात, शेतात, अनवाणी गेले आहे त्यांनी ही माहिती उपचार सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना आवर्जून द्यावी. आणि कोणी परदेशातून जंतांची अंडी वा अळ्या मागवून स्वतःवर उपचार करावेत असे सुचवल्यास, त्या वाटेस जाऊ नये.

पाठाचा सारांश

जंत प्रतिकारशक्तीला शांत करतात, हे निरीक्षण खरे आहे. एमएसची गती त्यामुळे काही रुग्णांत मंदावली असावी, असे लहान अभ्यासांनी सुचवले. मोठ्या प्रयोगात तो लाभ ठामपणे सिद्ध झाला नाही. विकारामागे अनुवंश, विषाणू, ऊन, धूर, वजन अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि त्यांतील एकच सुटे करून सर्व दोष वा सर्व श्रेय त्याला देणे चुकीचे ठरते.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी तीन प्रश्न विचारायला सांगतो, ते येथे वाचकांपुढेही ठेवतो : हे किती माणसांत पाहिले? तुलनेसाठी दुसरा गट होता काय? याचे दुसरे कोणते कारण असू शकेल? आरोग्याविषयीची कोणतीही बातमी घरी आली की हे तीन प्रश्न आधी विचारावेत. आणि घरातील कोणा तरुण मुलामुलीस अचानक एका डोळ्याने अंधूक दिसू लागले, हातापायास बधिरपणा आला, तोल जाऊ लागला आणि हे एक दिवसाहून अधिक टिकले, तर ते आपोआप बरे झाले तरीही मज्जाविकारतज्ज्ञांकडे जावे. लक्षणे कोणत्या तारखेस सुरू झाली, किती दिवस राहिली, हे वहीत लिहून ती वही सोबत न्यावी. निदानाच्या कामी तिचा फार उपयोग होतो.